दात बसवावयाचे, पण कोणाकडून?

दात गेल्याचे दुःख माणूस चारचौघांत बोलून दाखवीत नाही. केस पिकले तर त्यावर विनोद करता येतो, चष्मा लागला तर तो थोडाफार मिरविताही येतो. परंतु पटाशीचा एखादा दात पडला की हसताना हात आपोआप तोंडावर जातो. दाढ गेली तर तेवढेही होत नाही, कारण ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ह्या न दिसणाऱ्या खिंडाराकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करण्याची आपल्याकडे रीतच आहे. ‘एका बाजूने चावतो, काय बिघडते?’ हे उत्तर घरोघर ऐकू येते.

बिघडते, परंतु सावकाश बिघडते. दातांची रांग ही कमानीतल्या दगडांसारखी परस्परांच्या आधाराने उभी असते. मधला एक दगड निखळला की शेजारची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे झुकू लागते. समोरच्या जबड्यातील दाढेला चावताना अडविणारे कोणी उरत नाही, म्हणून ती आपल्या जागेतून लांबत बाहेर येते. झुकलेल्या दाढेच्या कुशीत अन्न अडकते, तेथे कीड लागते, हिरडी सुजते आणि दोनचार वर्षांनी दुसरी दाढ पहिलीच्या वाटेने जाते. शिवाय दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाडही दात गेल्यावर झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते. म्हणजे दात बसविण्याचा विचार जितका लांबणीवर पडतो, तितकी तो बसविण्याची जागा कमी होत जाते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळी गेलेल्या दाताला उपाय नव्हता. आज उपाय आहेत, आणि एक नव्हे, तीनचार आहेत. अडचण निराळीच उपस्थित झाली आहे: हे उपाय करणारे कोण, आणि त्यांतला आपल्या तोंडावर हात ठेवू देण्यास योग्य कोणता, हे सामान्य माणसाला कळत नाही.

ह्या व्यवसायाचा आपल्या देशातील पूर्वेतिहास मोठा गमतीचा आहे. एकेकाळी बाजाराच्या दिवशी सतरंजी पसरून, समोर उपटलेल्या दातांची रास मांडून बसलेला दातवाला हे परिचित दृश्य होते. ती रास म्हणजेच त्याचे प्रशस्तिपत्र! कलकत्त्यात आणि इतर काही शहरांत चिनी दंतवैद्यांची दुकाने होती. काचेच्या कपाटात ठेवलेली जबड्याची प्रतिकृती हीच त्यांची पाटी. त्यांचे हात कसबी असत, विद्या मात्र बापाकडून मुलाकडे आलेली. पद्धतशीर शिक्षणाला प्रारंभ झाला तो १९२० साली, डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले तेव्हा. ते आज त्यांच्याच नावाने चालते आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, दंतवैद्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. मुंबईला नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली, आणि राज्याराज्यांतून दंतवैद्यांची नोंदपुस्तके उघडली गेली.

त्या नोंदपुस्तकाचे दोन भाग होते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ‘अ’ भागात मान्य पदवी असलेले, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले परंतु कायद्यापूर्वी काही वर्षे ह्याच कामावर पोट भरीत आलेले. कायदा करणाऱ्यांनी जुन्या कारागिरांची भाकरी हिरावून घेतली नाही. परंतु नव्या माणसाला तो दरवाजा बंद केला. ‘ब’ भागातील माणसे कालमानाने संपत गेली. आज कोणी पदवीवाचून केवळ ‘वडिलोपार्जित’ विद्येच्या जोरावर दात बसवीत असेल, तर तो त्या सवलतीचा वारसदार नव्हे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत करून जुन्या कायद्याच्या जागी नवी व्यवस्था योजिली. तरी नोंदणीवाचून व्यवसाय नाही, हे तत्त्व जुन्यात होते तसेच नव्यातही आहे.

तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा. दंतवैद्याच्या नावापुढे पदवी असते तसा राज्याच्या दंत परिषदेतील नोंदणीचा क्रमांकही असतो, आणि तो पाटीवर अथवा औषधाच्या चिठ्ठीवर आढळावयास हवा. नसल्यास विचारावा. हा प्रश्न विचारण्यात आपल्याकडे फार संकोच होतो. डॉक्टरला क्रमांक विचारणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे, असे लोकांना वाटते. घराचे खरेदीखत करताना सात-बाराचा उतारा तीनदा तपासणारा गृहस्थ जबड्याच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याच्या शिफारशीवर समाधान मानतो. वास्तविक ज्याने पाच वर्षे खपून पदवी मिळविली आहे त्याला क्रमांक सांगण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न विशेष विद्येचा. बी. डी. एस. ही मूळ पदवी. सुमारे पाच वर्षांची, आणि त्यातले एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे. तिच्यापुढे तीन वर्षे अभ्यास केला म्हणजे एम. डी. एस. परंतु येथे एक बारकावा आहे आणि पुष्कळ माणसे तेथेच चुकतात. एम. डी. एस. ही एक पदवी नसून नऊ शाखांची नऊ दारे आहेत. कोणी हिरड्यांचा तज्ज्ञ असतो, कोणी वाकडे दात सरळ करणारा, कोणी लहान मुलांचा, कोणी जबड्यावर शस्त्रक्रिया करणारा, कोणी दातांची मुळे वाचविणारा. गेलेले दात भरून काढण्याचे, टोप्या, पूल आणि कवळ्या करण्याचे शास्त्र ह्या सर्वांहून निराळे असून त्याला प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणतात. मराठीत कृत्रिमदंतशास्त्र म्हणावयास हरकत नाही. पाटीवर एम. डी. एस. ही अक्षरे आहेत एवढ्याने भागत नाही, त्यांच्यापुढे शाखा कोणती लिहिली आहे हे पाहावे लागते. ‘इम्प्लांट स्पेशालिस्ट’ ही अक्षरेही हल्ली पुष्कळ ठिकाणी झळकतात. परंतु ह्या नावाची शाखा त्या नऊ शाखांत नाही. भिंतीवर टांगलेल्या चौकटीत काही दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्रही असते आणि तीन वर्षांच्या पदवीचेही, व लांबून दोन्ही चौकटी सारख्याच सोनेरी दिसतात.

ह्याचा अर्थ प्रत्येक टोपीसाठी तज्ज्ञाच्या दारात जावे असा नव्हे. कायद्याने बी. डी. एस. झालेल्या वैद्याला टोपी, पूल, कवळी सर्व काही करण्याचा अधिकार आहे, आणि ते चोख करणारे वैद्य गावोगाव आहेत. हिरड्यांचे तज्ज्ञ आणि मुखशल्यविशारद हाडात रोपण करण्यात निष्णात असतात. परंतु काही प्रसंग असे आहेत की तेथे ह्या शाखेच्या माणसाला गाठणेच हिताचे. सगळे दात गेले आहेत आणि हिरडीचा उंचवटा झिजून सपाट झाला आहे. पुष्कळ दात घासले जाऊन वरचा व खालचा जबडा फाजील जवळ आला आहे. दोन कवळ्या करून झाल्या आणि दोन्ही कपाटात पडून आहेत. अशा वेळी साधा उपाय चालत नाही. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत टाळूचा भाग काढावा लागलेल्या रुग्णाची गोष्ट तर आणखी गंभीर. त्याचे बोलणे नाकात जाते आणि पाणी प्यावे तर ते नाकावाटे परत येते. ते भोक बुजविणारी कृत्रिम टाळू करणे हेही ह्याच शास्त्राचे काम आहे. तंबाखू आणि मशेरीने आपल्याकडे जे घडविले आहे ते पाहता हे काम करणाऱ्यांची गरज किती आहे हे निराळे सांगावयास नको.

आता वैद्य मिळाला असे समजू. तो चांगला की वाईट हे त्याच्या खुर्चीच्या किंमतीवरून कळत नाही. पहिल्या भेटीत तो काय करतो, त्यावरून पुष्कळसे कळते. खुर्चीवर बसताक्षणी जो मापाचा साचा हाती घेतो त्याच्याविषयी सावध असावे. चांगला वैद्य आधी विचारपूस करतो: मधुमेह आहे काय, रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे काय, हाडांच्या ठिसूळपणासाठी काही घेता काय, तंबाखू खाता की ओढता. शेवटची दोन चौकशी वायफळ वाटतात, परंतु तशी ती नाहीत. हाडे बळकट करण्याच्या काही औषधांनी जबड्याची जखम भरून येत नाही, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या हाडात बसविलेले रोपण टिकण्याची शक्यता कमी होते. त्यानंतर तो उरलेल्या दातांची व हिरड्यांची तपासणी करतो, क्ष-किरणांचे चित्र काढतो, आणि पाया सडका असेल तर नवे बांधकाम सुरू करण्यास नकार देतो. हा नकार गिऱ्हाइकाला आवडत नाही. परंतु हिरड्यांतून पू येत असताना त्यावर किंमती पूल चढवून देणारा वैद्य आणि ओल आलेल्या भिंतीला रंग देणारा कंत्राटदार ह्यांत फरक नाही.

मग येते उपायांची निवड. एकच दाढ गेली असेल तर मार्ग तीन. काढता-घालता येणारा दात हा सर्वांत स्वस्त. तो शेजारच्या दातांना फारसा धक्का देत नाही, परंतु तोंडात वस्तू असल्याचे भान सतत राहते. दुसरा मार्ग पुलाचा. ह्यात दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या चढवितात आणि मधला दात त्यांना जोडून घेतात. काम लवकर होते व टिकाऊ असते. परंतु शेजारचे दोन दात निरोगी असतील तर एकासाठी दोन धडधाकट दात तासावे लागतात, आणि तासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही, ही किंमत पावतीवर लिहिलेली नसते. तिसरा मार्ग हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारण्याचा. स्वीडनमधील गोटेनबर्गचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क ह्यांना सशाच्या हाडात बसविलेली टायटेनियमची उपकरणे परत काढता येईनात. हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. उपकरण अडकले म्हणून दुसरा कोणी चिडला असता. ब्रोनेमार्कांनी त्या अडचणीतच उपाय पाहिला आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी रोपणे बसविली. हे एकजीव होणे महिन्यांचे काम आहे. सामान्यतः तीन ते सहा महिने थांबावे लागते. निवडक रुग्णांत रोपणाबरोबरच तात्पुरता दात देता येतो हे खरे. परंतु जबडा न पाहताच ‘एका दिवसात पक्के दात’ असे वचन देणारी जाहिरात ही वैद्यकाची नव्हे, व्यापाराची भाषा होय.

हे तिन्ही मार्ग, त्यांचे गुणदोष, खर्च, आणि काहीच न केल्यास काय होईल हा चौथा मार्गही, जो वैद्य समजावून सांगतो आणि अंदाजपत्रक कागदावर लिहून देतो त्याच्यावर विश्वास टाकावा. एकच मार्ग आणि तोही सर्वांत महागडा सांगणाऱ्याला ‘दुसरा मार्ग का नको?’ एवढे विचारून पाहावे. उत्तरात तुमच्या जबड्याचा उल्लेख आला तर ठीक. सवलतीच्या मुदतीचा उल्लेख आला तर उठून यावे.

पूर्ण कवळीचे काम तर कारागिरीची खरी कसोटी. तिला साधारणपणे पाच भेटी लागतात. आधी कच्चे माप, मग त्यावरून खास त्या जबड्यासाठी केलेल्या तबकाने पक्के माप, तिसऱ्या वेळी वरचा व खालचा जबडा परस्परांवर कसे मिटतात ह्याची नोंद, चौथ्या वेळी मेणात रोवलेले दात घालून पाहणे, आणि पाचव्या वेळी तयार कवळी. ह्यांतील चौथी भेट सर्वांत महत्त्वाची असून तीच गाळण्याकडे घाईच्या दवाखान्यांचा कल असतो. मेणातले दात हलविता येतात, तयार कवळीतले नाहीत. ह्या भेटीला घरातले कोणी बरोबर न्यावे, कारण आपला चेहरा आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतो. आरशासमोर मोठ्याने बोलून पाहावे. मराठी माणसाला तर ह्यासाठी घरचीच कसोटी आहे: ‘चमचा’मधला च आणि ‘चित्र’मधला च हे दोन्ही वेगवेगळे उमटले पाहिजेत. टाळूवरचा भाग जाड झाला किंवा पुढचे दात जागेवर नसले की ‘स’ आणि ‘च’ शिट्टी घालू लागतात, आणि वरचे दात खालच्या ओठाला नीट टेकत नसतील तर ‘व’ बिघडतो. दातांचा रंगही दिवसाच्या उजेडात निवडावा. साठीच्या माणसाने दुधासारखे पांढरे दात मागितले तर समजूतदार वैद्य त्याला हळूच एक छटा खाली उतरवितो.

कवळी हातात देताना प्रामाणिक वैद्य दोन गोष्टी बोलून दाखवितो. एक, वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची तशी बसणार नाही. तिला नालेच्या आकाराची अरुंद जागा मिळते आणि जीभ तिला सारखी हलवीत राहते. दुसरी, कृत्रिम दातांनी चावण्याची शक्ती स्वतःच्या दातांच्या चतुर्थांशाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. पहिल्या आठवड्यात भाकरी आमटीत कुस्करून खावी, घास दोन्ही बाजूंना वाटून चावावा. टोचेल तेथे घासून घेण्यासाठी दोनतीन वेळा परत यावे लागते. ह्या भेटींचे पैसे अंदाजपत्रकात धरले आहेत की नाहीत हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

खर्चाचे नाव निघाले म्हणजे रस्त्यावरच्या दातवाल्याची आठवण होते. तो आजही संपलेला नाही. झटपट गोठणारे प्लॅस्टिक कालवून तो मोकळ्या जागेत दात उभा करतो आणि शेजारच्या दातांना कायमचा चिकटवून टाकतो. अर्ध्या तासात, थोड्या पैशांत काम होते. काढता न येणाऱ्या त्या गोळ्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते, ज्या दातांचा आधार घेतला तेच हलू लागतात. एका दाताच्या बचतीपायी तीन दात गमावून माणूस दंतमहाविद्यालयात येतो. हात कोणत्या पाण्यात आणि हत्यारे कशात धुतली हा प्रश्न तर निराळाच. दवाखान्यात हत्यारे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केली जातात की नुसती उकळली जातात, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला असतो.

ज्याला खासगी तज्ज्ञाचा खर्च झेपत नाही त्याला रस्ता हा एकमेव पर्याय नाही, ही गोष्ट पुरेशी लोकांपर्यंत गेलेली नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंतमहाविद्यालये आहेत; दिल्लीत मौलाना आझाद संस्था, कोलकात्यात डॉ. अहमद ह्यांचे महाविद्यालय, लखनौ, बंगळूर, हैदराबाद ह्या ठिकाणीही तशी सोय आहे. तेथे काम विद्यार्थी करतात हे खरे. परंतु प्रत्येक पायरीवर अध्यापकाची नजर असते, आणि विद्यार्थ्याला गुण मिळवावयाचे असल्यामुळे तो कोणतीही पायरी गाळू शकत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो. ज्याच्यापाशी पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ आहे अशा निवृत्त माणसाला ही सोय फार उपयोगी पडते.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांना, आणि महाराष्ट्राबाहेर वस्ती करून राहिलेल्या कुटुंबांना, आणखी एक काळजी घ्यावी लागते. भोपाळला बसविलेले रोपण सैल झाले आणि बिऱ्हाड गुवाहाटीला असले तर तेथील वैद्याला त्या स्क्रूची जात ठाऊक असावी लागते; प्रत्येक बनावटीची हत्यारे निराळी असतात. म्हणून कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे, कोणत्या क्रमांकाचे रोपण बसविले ह्याची चिठ्ठी, क्ष-किरणांची चित्रे आणि टोपी कोणत्या पदार्थाची आहे ह्याची पावती, ही कागदपत्रे जन्मदाखल्याच्या शेजारी ठेवावीत. हल्ली टोपीबरोबर हमीपत्रही मिळते; ते टोपी घडविणाऱ्या प्रयोगशाळेचे असते, वैद्याच्या हाताचे नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. तोंडाचे माप घेणारा वैद्य आणि माप पाहून दात घडविणारा दंतयंत्रज्ञ ही दोन वेगळी माणसे होत. दंतयंत्रज्ञाने वैद्याला वगळून परस्पर रुग्णाच्या तोंडात दात बसविणे कायद्याला धरून नाही, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकू नये, ती वाकडी होते. दंतमंजनाने किंवा राखेने घासू नये, मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. झिजलेल्या हिरडीवर जुनी कवळी हलू लागली की माणसे चिकटविण्याची भुकटी आणून वेळ भागवितात. तीखाली पडलेली जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही तर ती कवळीचीच आहे असे गृहीत धरू नये. ताबडतोब दाखवावी, तंबाखू खाणाऱ्याने तर एक दिवसही लांबवू नये. आणि नव्या वैद्याकडे जाताना जुनी कवळी, ती कितीही टाकाऊ वाटली तरी, बरोबर न्यावी. कोठे झिजली, कोठे तुटली, कोणत्या बाजूने जास्त चावले गेले, हे जाणता वैद्य तिच्यावरून वाचतो, आणि पुष्कळदा रुग्णाच्या तोंडात पाहण्यापूर्वी तो ती कवळीच उजेडाकडे धरून न्याहाळतो.